जिप्सीच्या प्लग-वायरी बदलून नऊ महिने: गाडी खूश, रेडिओ नाराज

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात फोंडा घाट चढताना आमची जिप्सी खोकायला लागली. तिसऱ्यात गचके, दुसऱ्यात टाकली तरी गचके, आणि पाऊस असा की वायपर चालू आहे की बंद तेच कळेना. मागून एसटी हॉर्न मारतेय. कशीबशी कडेला घेतली, पाऊस ओसरल्यावर वळवली आणि खाली फोंड्याला आलो. कोल्हापूरचं काम राहिलं ते राहिलंच.

गाडी १९९८ ची जिप्सी किंग, कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटरवाली, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळतो तो कार्बोरेटर, आणि ठिणगीचा करंट वायरींतून एकेका प्लगला वाटतो तो डिस्ट्रिब्युटर. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग तीनदा करून घेतलंय, म्हणजे विकायचा विचार नाही हे समजून घ्या. देवगडात घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, गाडी उघड्या शेडमध्ये. खारं वारं दाराच्या बिजागऱ्या खातं, पंख्याच्या पाती खातं, हे सगळं ठाऊक होतं. प्लगच्या वायरी खातं हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

म्हणून आधी पेट्रोलला शिव्या दिल्या. मग कार्बोरेटर साफ करून घेतला, चारशे रुपये. फरक शून्य. ऊन पडलं की गाडी ठणठणीत, सर आली की मिसिंग. शेवटी मेस्त्री म्हणाला, "काकानू, कार्बोरेटर कित्याक खोललात? रात्री काळोखात बॉनेट उघडा नि पाणी मारून बघा."

त्या रात्री लाईट गेलेलीच होती. इंजिन चालू ठेवलं आणि इस्त्रीच्या कपड्यांवर मारायचा फवारा वायरींवर मारला. एक आणि तीन नंबरच्या वायरीवरून निळ्या ठिणग्या थेट इंजिनावर उड्या मारत होत्या. हिने पडवीतून विचारलं, "बॉनेटखाली काजवे बसलेत काय?"

प्रकार साधा आहे. प्लगला ठिणगी पाडायला हजारो व्होल्ट लागतात. वायरीचं रबर तडकलं, त्यावर मिठाचा थर बसला आणि तो थर ओला झाला, की करंट प्लगपर्यंत जायचे कष्ट घेत नाही, जवळच्या लोखंडात उतरतो. सुकं मीठ काही करत नाही, म्हणून उन्हात गाडी शहाणी. त्यात माझ्या जुन्या प्लगची, ठिणगी उडते ती फट झिजून १.१ मिलिमीटर झाली होती, हवी ०.७ ते ०.८. फट वाढली की व्होल्ट जास्त लागतात, आणि गळतीही वाढते. त्यामुळे नुसते प्लग किंवा नुसत्या वायरी बदलण्यात अर्थ नव्हता.

माझी एक चूकही कबूल करतो. दर मे महिन्यात गाडीला खालून ऑइल मारून घेतो. सर्व्हिसिंगवाला पोऱ्या हौसेने बॉनेट उघडून आतही मारायचा, आणि मी "मार, मार" म्हणायचो. ऑइलने रबर फुगतं आणि मऊ पडतं. त्या वायरी मिठाने जेवढ्या गेल्या, तेवढ्याच माझ्या काळजीनेही गेल्या असणार.

कणकवलीला दुकानात वायरींचे दोन संच होते. कार्बनच्या गाभ्याचा साडेनऊशेला, तांब्याचा सहाशेला. तांब्याचा लालभडक, जाड. मी बरोबर मल्टिमीटर नेला होता, दुकानदार हसला तरी तिथेच मोजलं. कार्बनची लांब वायर नऊ हजार ओहम, तांब्याची जवळपास शून्य. अडथळा कमी तो माल चांगला, वर साडेतीनशे वाचतायत! प्लग मात्र योग्य नंबरचे घेतले, बीपीआर६ईएस, चार मिळून साडेचारशे.

बसवायचं काम घरीच केलं. इंजिन थंड असू द्या; प्लग बसतात ते हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना आटे जातात. प्लग आधी हाताने बसेपर्यंत फिरवा, मग पान्याने अर्धा फेरा, बस. वायर ओढताना टोकाच्या रबरी टोपीला धरा. आणि एका वेळी एकच वायर बदला. मी चारही एकदम उपटल्या आणि लावताना दोन आणि तीन नंबरची अदलाबदल केली. स्टार्टर मारल्यावर कार्बोरेटरातून असा फटाका वाजला की शेजारचा कुत्रा संध्याकाळपर्यंत दिसला नाही. ठिणगीचा क्रम १-३-४-२ आहे, तो मी आता बॉनेटच्या आत ऑइलपेंटने लिहून ठेवलाय.

त्यानंतर दोन महिने मी भेटेल त्याला तांब्याच्या वायरी घ्यायला सांगत होतो. गाडी पहिल्या सेल्फला चालू, भर पावसात घाट तिसऱ्यात, लिटरला दहाचे साडेअकरा किलोमीटर. तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर पाचपैकी पाच दिले असते.

मग गणपतीला चाकरमानी आले, आणि पुतण्याने गाडीची मोडकी एरियल बदलून दिली. जुना कॅसेट प्लेअर आहे, त्यात मीडियम वेव्ह लागतं. बागेकडे जाताना आकाशवाणी रत्नागिरी लावायची माझी वीस वर्षांची सवय, एरियल मोडल्यापासून सुटलेली. लावलं तर आतून टिकटिक. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की टिकटिकीची खरखर. हवामान सांगणारी बाई खरखरीत बुडाली.

आधी एरियलवर संशय. मग अर्थिंगवर. मग अल्टरनेटर म्हणून अडीचशेचा फिल्टर लावला. (अल्टरनेटरचा आवाज शिट्टीसारखा येतो, टिकटिक आली तर ती इग्निशनची, हे नंतर समजलं. अडीचशे गेल्यावर.) शेवटी एका सुक्या दुपारी, जुनं काही फेकत नाही या माझ्या सवयीचा फायदा झाला. माळ्यावरच्या त्या जुन्या गळक्या, पण कार्बनच्या वायरी काढल्या आणि पाच मिनिटांसाठी लावल्या. रेडिओ स्वच्छ. बाई म्हणाली, समुद्र खवळलेला राहील.

म्हणजे कार्बनमधला तो नऊ हजार ओहमचा अडथळा दोष नव्हता, मुद्दाम ठेवलेला होता. ठिणगी पडते तेव्हा वायरच एरियलसारखी रेडिओलहरी सोडते; अडथळा त्या दाबतो. प्लगच्या नंबरातलं आर हे अक्षरही त्याचसाठी, आत रेझिस्टर असतो. पण माझ्या गाडीत एकट्या प्लगला ते झेपत नव्हतं. आणि मी मल्टिमीटर लावून, मोजून मापून, नेमकी चुकीची वस्तू घेतली होती.

दुकानदाराने परत घेतल्या नाहीत. "वापरलेला माल" म्हणाला, ते बरोबरच आहे, पण "मी तेव्हाच हसलो होतो" हे म्हणायची गरज नव्हती. नोव्हेंबरमध्ये कार्बनचा संच घेतला. साडेतीनशे वाचवायला एकूण अठराशे झाले, नवीन प्लग सोडून, दोन्ही संच आणि फिल्टर धरून; कणकवलीच्या दुसऱ्या फेरीचं पेट्रोल वेगळं.

गाडीच्या बाबतीत दोन्ही संचांत मला काडीचा फरक जाणवला नाही. मायलेज तेच, पिकअप तोच. टोप्यांच्या आत या वेळी थोडं सिलिकॉन ग्रीस लावलंय, आणि महिन्यातून एकदा वायरी सुक्या फडक्याने पुसतो. मार्चमध्ये उघडून बघितलं, टोकांना हिरवट गंज नाही. पावसाळा अजून पाहायचाय, म्हणून चार स्टार. पाचवा जुलैत, फोंडा घाट चढल्यावर.

तांब्याचा संच मागच्या सीटखाली पिशवीत आहे. घाटात अडकलो तर घालीन, रेडिओ बंद ठेवून.