जुन्या शाळेचा नवा आराखडा: डागडुजी, जोडइमारत की स्थलांतर?

शंभर-दीडशे वर्षं जुन्या खासगी शाळेच्या विश्वस्तांपुढे हा प्रश्न कधीतरी येतोच. वर्ग अपुरे पडतात, प्रयोगशाळा कोंदट असते, चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाला वरच्या मजल्यावर जायला वाटच नसते. दुसरीकडे माजी विद्यार्थी बजावतात, की एका दगडालाही हात लावू नका. अशा वेळी वाटा तीन: आहे त्याच इमारतीत फेरबदल, तिच्या शेजारी नवी इमारत, किंवा सगळा संसार उचलून नव्या जागी.

तिन्ही वाटांनी गेलेल्या शाळा आहेत. त्यांच्याकडे पाहून माझं मत पक्कं झालंय, की वास्तुविशारदाला बोलावण्याआधी शाळेच्या परंपरांची यादी करावी आणि प्रत्येकीपुढे एक खूण करावी: ही जागेला बांधलेली आहे की माणसांबरोबर चालत येणारी? बहुतेक समित्या आधी नकाशे मागवतात आणि मग त्यांत परंपरेसाठी कोपरा शोधत बसतात.

स्थलांतर

सगळ्यात भीती याच वाटेची वाटते, म्हणून आधी तिच्याबद्दल. ख्राइस्ट्स हॉस्पिटल (नावात हॉस्पिटल असलं तरी ही शाळाच) १५५२ साली लंडनमध्ये सुरू झाली आणि १९०२ साली शहर सोडून हॉर्शमला गेली. साडेतीनशे वर्षांची जागा सुटली. पण मुलांचा लांब निळा कोट आणि पिवळे मोजे सुटले नाहीत. बँडच्या तालावर रांगेत जेवायला जाण्याची प्रथा नव्या आवारात आजही दिसते. व्हेरिओ या चित्रकाराचं सुमारे २६ मीटर लांबीचं चित्रही तिथे नेलं. ते आता भोजनगृहात आहे, म्हणजे मुलं रोज त्याच्यासमोर जेवतात. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. तेच चित्र कुलूपबंद दालनात ठेवलं असतं, तर वर्षातून एकदा पाहुण्यांना दाखवण्याची वस्तू झालं असतं.

बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड्स स्कूलने १९३६ साली भर शहरातली आपली इमारत सोडली आणि ती पाडली गेली. तिच्या वरच्या मजल्याचा कॉरिडॉर मात्र जपून नव्या आवारात पुन्हा उभारला. तोच आज तिथलं प्रार्थनामंदिर आहे. सगळं वाचवता येत नाही तेव्हा एकच भाग निवडून त्याला रोजचं काम द्यायचं, हा धडा इथे मिळतो. दुसरा धडा कडू आहे. नवी इमारत होईपर्यंत उभारलेल्या तात्पुरत्या वर्गांना आग लागली आणि शाळेला पुन्हा निवारा शोधावा लागला. मधल्या काळाची सोय हा आराखड्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग असतो, मग वाट कुठलीही घ्या.

ही वाट कुणी घ्यावी? जिथे आवाराला वाढायला जागाच उरलेली नाही, मैदान नाही, चहूबाजूंनी वाहतूक आहे, त्यांनी. रोज घरून येणाऱ्या मुलांच्या शाळेने मात्र दहादा विचार करावा. वसतिगृहाची शाळा मुलांसकट हलते. घरून येणाऱ्यांची शाळा हलली, की काही वर्षांत मुलंच बदलतात आणि परंपरा सांगणारी थोरली भावंडं उरत नाहीत.

आहे तिथेच फेरबदल

ऐकायला ही वाट सोपी, पण सगळ्यात नाजूक. अशा शाळेच्या दगडी जिन्याची पायरी नीट पाहा. मधोमध खोलगट झालेली असते, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी. नवी फरशी बसवली की ती खूण कायमची गेली. तशीच ठेवली तर पाय घसरायचा धोका. कठडा मजबूत करून, कडेला न घसरणारी पट्टी लावून दोन्ही साधता येतं, पण त्यासाठी जागेवर उभं राहून विचार करणारा माणूस लागतो.

भिंतींचं दुखणं त्याहून मोठं. जुन्या भिंती बहुधा चुन्यात बांधलेल्या असतात. चुना ओल शोषतो आणि बाहेर टाकतो. त्यावर कुणी सिमेंटचा गिलावा केला, की ओल आत कोंडते, क्षार साठतात आणि विटांचे पापुद्रे सुटू लागतात. दोन-चार वर्षं भिंत चकचकीत दिसते, मग आतून पोखरलेली निघते. म्हणून अंदाजपत्रक हाती आलं की चुन्याचं काम करणारे कारागीर त्यात धरलेत का, हे पहिल्यांदा पाहावं. ते नसतील तर स्वस्त दिसणारा आकडा पुढे महागात पडेल.

उतारमार्गालाही जागा मोजून घ्या. १ फूट चढायला निदान १२ फूट लांबी हा सर्वत्र वापरला जाणारा हिशोब आहे. तीन-चार फूट उंच जोत्याच्या इमारतीपुढे तो दर्शनी भाग व्यापून टाकतो. लिफ्ट मागच्या बाजूला, मूळ भिंत न फोडता बाहेरून जोडणं बहुतेकदा बरं.

शेजारी नवी इमारत

अमेरिकेतल्या फिलिप्स एक्सेटर अकॅडमीने हे धाडस चांगलं पार पाडलं. तिथल्या विटांच्या जुन्या इमारतींशेजारी वास्तुविशारद लुई कान यांनी १९७१ साली ग्रंथालय उभारलं. बाहेरून वीट शेजाऱ्यांशी नातं सांगते, आत काँक्रीटची प्रचंड वर्तुळं आहेत. नवी इमारत जुनी असल्याचं सोंग करत नाही. वास्तुसंवर्धनाचा १९६४ चा व्हेनिस जाहीरनामाही हेच सांगतो, की नवी भर वेगळी ओळखू यावी. खोट्या कमानी काढून देणाऱ्या वास्तुविशारदाला मी तरी नाही म्हणेन.

तिथली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. ग्रंथालय हलवायच्या दिवशी वर्ग बंद ठेवले आणि विद्यार्थी-शिक्षकांनी हातोहात पुस्तकं नव्या इमारतीत नेली. नव्या जागेत पाऊल टाकण्याआधीच ती त्यांची झाली.

धोकाही या वाटेवरच सगळ्यात लपलेला. नव्या इमारतीत सगळे वर्ग गेले, की जुनीत उरतं कार्यालय आणि ट्रॉफ्यांची कपाटं. मुलांचा पाय तिकडे वळत नाही. म्हणून रोज लागणारं एक तरी काम जुन्या भागातच ठेवावं: सकाळची प्रार्थना, ग्रंथालय किंवा जेवण. निदान शाळेत शिरायची वाट तरी जुन्या दारातूनच असावी.

मी काय निवडेन

मैदान शिल्लक असेल तर जोडइमारत, आणि सोबत जुनीची चुन्यातली दुरुस्ती. मात्र तिचे पैसे आधी बाजूला काढून. नव्या कामाचा खर्च वाढला की पहिली कात्री जुन्या इमारतीच्या दुरुस्तीला लागते. जुनीचा सांगाडाच धोक्यात असल्याचं बांधकाम अभियंत्याने लेखी दिलं, किंवा आवार खरोखरच कोंडलेलं असेल, तर स्थलांतराला घाबरू नये. फक्त फेरबदलांवर भागवायचं, तर विद्यार्थीसंख्या वाढवणार नाही असा ठराव विश्वस्तांनी आधी करावा. तो होत नसेल तर ही वाट सोडून द्यावी, कारण दहा वर्षांत पुन्हा भिंती फोडाव्या लागतील.

आराखडा मंजूर करण्यापूर्वी पाचवीतल्या एका मुलाचा सकाळपासून शाळा सुटेपर्यंतचा रस्ता नकाशावर पेन्सिलीने काढा. प्रार्थना, वर्ग, डबा, मैदान, घंटा. ती रेघ जुन्या इमारतीतून एकदाही जात नसेल, तर नकाशा परत पाठवा.