उत्प्रेरकाची प्रयोगपेटी घेताय? आधी वजनकाटा शोधून ठेवा

मी माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. उत्प्रेरक (स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) म्हटलं की आजवर फळ्यावर पोटॅशियम क्लोरेटचं समीकरण, बाणावर मँगनीज डायऑक्साइड आणि ‘स्वतः बदलत नाही’ हे वाक्य पाठ, एवढंच व्हायचं. यंदा पदरचे 640 रुपये घालून ऑनलाइन पेटी मागवली.

पेटीत परीक्षानळ्या, बूच-नळी, 100 मिलीचं मोजपात्र, गाळणकागद, मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड आणि यीस्टची पुडी आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड मेडिकलमधून आणावं लागतं. बाटलीवर ‘20 व्हॉल्यूम’ बघून घ्या. म्हणजे 1 मिलीतून साधारण 20 मिली ऑक्सिजन निघतो.

आम्ही 4 मिली घेतलं. नुसतं ठेवलं तर एखाददुसरा बुडबुडा. चिमूटभर पूड टाकताच नळी फसफसली, हाताला गरम लागायला लागली. विझत आलेली उदबत्ती तोंडाशी धरली तर भप्पकन पेटली. मग दोन गट केले, एकाला चिमूटभर पूड, दुसऱ्याला तिप्पट. जास्त पूड म्हणजे जास्त वायू, असं वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांना वाटत होतं. तिपटीवाल्यांचं काम झटक्यात आटोपलं, दुसरा गट बराच वेळ ताटकळला, पण दोन्ही मोजपात्रांत जमलेला वायू सत्तर मिलीच्या आसपासच थांबला. वायू पेरॉक्साइडमधून येतो, पूड फक्त वेग वाढवते, हे मला सांगावंच लागलं नाही.

आता तक्रारी. बूच सैल आहे. नळाला लावतात ती पांढरी टेप गुंडाळल्यावर गळती थांबली. यीस्टची पुडी मुदत संपलेली निघाली. त्याऐवजी कच्च्या बटाट्याच्या फोडी टाकल्या. त्यातलं कॅटॅलेज हे विकर (सजीवांमधला उत्प्रेरक) तेच काम करतं. चष्मा एकच दिलाय, तो प्रत्येक गटाला हवा. माहितीपत्रकात ‘उत्प्रेरक ऊर्जा पुरवतो’ असं छापलंय, ते साफ चूक आहे. तो अभिक्रियेला कमी ऊर्जेची दुसरी वाट देतो. हे वाक्य मी सगळ्या प्रतींवर खोडून दुरुस्त केलं.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे पूड शेवटी तेवढीच उरते का, हे तपासायचा प्रयोगच दिलेला नाही. एका मुलीने विचारलं, “बाई, पूड संपली नाही हे कशावरून?” तोलून घेतलेली 1 ग्रॅम पूड वापरली, मग गाळली, धुतली, दोन दिवस खिडकीत वाळवली आणि सोनाराच्या काट्यावर नेली. कोऱ्या कागदाचं वजन वजा करून 0.98 भरली. उरलेले कण परीक्षानळीच्या काचेला चिकटलेले दिसत होते. तीच पूड पुन्हा ताज्या पेरॉक्साइडमध्ये टाकली, आणि पहिल्यासारखीच फसफस!

उणिवा धरूनही पेटी घ्यावी असंच सांगेन. ती पूड मी तारीख घालून वेगळ्या बाटलीत भरून ठेवलीय. आताच्या नववीला पुढच्या वर्षी तीच देणार आहे.