तांबट आळीतल्या तांब्याच्या चकत्या आणि प्रवासातले अनोळखी सोबती

प्रवासात तासन्‌तास शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला उतरताना काहीतरी छोटेसे हातात द्यावे, ही सवय मला आईकडून लागली. ती चिक्की नाहीतर राजगिऱ्याचे लाडू द्यायची. आता गाडीत अनोळखी व्यक्तीकडून खाण्याचे पदार्थ घेऊ नका असे वारंवार सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. म्हणून खाण्याचे नसलेले, खिशात मावणारे आणि हाताने घडवलेले असे काही मी बरेच दिवस शोधत होते. शेवटी कसबा पेठेतल्या तांबट आळीतल्या एका लहानशा कारखान्यातून प्राण्यांची चित्रे उठवलेल्या तांब्याच्या चकत्या करून घेतल्या. वर्षभरात दोन खेपांत ४८ चकत्या झाल्या, त्यांपैकी ४१ देऊन झाल्या आहेत, तेव्हा आता त्यांच्याविषयी खात्रीने लिहिता येईल.

माणसाच्या स्वभावाशी एखादा प्राणी जोडायचा, ही मूळ कल्पना हल्ली ‘स्पिरिट ॲनिमल’ किंवा ‘टोटेम’ या नावाने बाजारात फिरते. लेझरने कापलेले प्लायवूडचे किंवा रेझिनचे प्राणी मिळतात आणि सोबत ‘तुमचा स्वभाव लांडग्यासारखा’ अशा मजकुराचे कार्ड येते. मला ते पटले नाही. ‘टोटेम’ हा शब्द उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या परिसरातील ओजिब्वे लोकांच्या भाषेतून आलेला आहे आणि तिथे त्याचा संबंध कुळाशी, नात्यागोत्याशी आहे. तो गमतीखातर वापरला जातो, याबद्दल तिथल्या अनेक मूळनिवासी लोकांनी नाराजी व्यक्त केली आहे. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण आपल्याकडेही लग्नात देवक बसवतात, कोणाचे पंचपल्लव असते, कोणाचे कळंब, कोणाचे मोराचे पीस, आणि ते कोणी बाजारातून आवडीप्रमाणे निवडून आणत नाही. त्यामुळे मी कारखान्यात एवढेच सांगितले की आपल्या मुलखात दिसणारे प्राणी हवेत, त्यांचे गुण-अवगुण लिहिलेला कागद नको, आणि ज्याला जो आवडेल तो त्याने पिशवीत हात घालून उचलावा.

पहिल्या खेपेत सहा प्राण्यांच्या प्रत्येकी चार चकत्या होत्या : शेकरू, कासव, मोर, पिंगळा, सुगरण आणि घोडा. चकतीचा व्यास ३२ मिलिमीटर, जाडी १ मिलिमीटर आणि वजन साधारण ७ ग्रॅम, म्हणजे २४ चकत्यांची पिशवी पावणेदोनशे ग्रॅमच्या आत राहते आणि पर्समध्ये जड होत नाही. एका चकतीचे १५० रुपये पडले. त्यात तांब्याची किंमत अगदी थोडी, बाकी सगळी मजुरी आहे, आणि काम जवळून पाहिल्यावर ती मजुरी मला जास्त वाटली नाही.

ते काम मी एक संपूर्ण सकाळ बसून पाहिले. पत्र्याची चकती कापून ती आधी भट्टीत लाल होईपर्यंत तापवतात, कारण तांबे ठोकले की कडक होत जाते आणि पुन्हा तापवल्याशिवाय ते हवे तसे वाकत नाही. मग मऊ केलेल्या राळेवर चकती बसवून बारीक बोथट छिन्नीने चित्राची रेघ टिपक्या-टिपक्यांनी दाबत नेतात. राळ खालून थोडी दबते, म्हणून पत्रा फाटत नाही आणि आकार उठून येतो. शेकरूची शेपटी अंगापेक्षा लांब असते हे चकत्या घडवणाऱ्या काकांना सांगावे लागले नाही, भीमाशंकरला त्यांनी ते पाहिलेले होते. शेपटीच्या केसांसाठी त्यांनी छिन्नी आडवी धरली आणि पंधरा-वीस हलके ठोके असे दिले की प्रत्येक ठोक्याची खूण आधीच्या खुणेला जेमतेम चिकटली. शेवटी मोकळ्या राहिलेल्या जागेवर मठारकाम होते, म्हणजे चकचकीत तोंडाच्या हातोडीने शेजारी शेजारी ठोके देऊन छोटे गोल खळगे उमटवतात. चकती उजेडात तिरपी धरली की प्रत्येक खळगा वेगळा चमकतो. पूर्वी बंब आणि घंगाळी घडवणाऱ्या या आळीची सारी ओळख या मठारकामात आहे, आणि स्टीलची भांडी आल्यावर तांब्याची मागणी घटली तरी तो हात अजून टिकून आहे, ही गोष्ट मला पुणेकर म्हणून फार मोलाची वाटते.

आता वापराविषयी. महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याहून वर्ध्याला जाताना मी पहिल्यांदा पिशवी उघडली. मनमाडपासून समोर बसलेल्या एक वयस्क बाई अकोल्याला उतरणार होत्या. त्यांनी पिशवीत हात घातला तो नेमका घोडा निघाला. त्यांनी तो लगेच कपाळाला लावला आणि विचारले, ‘‘खंडोबाचा टाक होय का हा?’’ मी नाही म्हटले, नुसता घोडा आहे म्हटले, पण त्यांचे समाधान झाले नाही. ‘‘राहू द्या बाई. देव घरात आणला का त्याचं करा लागते,’’ असे म्हणून त्यांनी चकती परत माझ्या हातावर ठेवली आणि पिशवीत पाहून सुगरण उचलली. ‘‘हे चालते. हे काही देव नाही.’’

त्यांचे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते. देव्हाऱ्यातले टाक बहुधा चांदीचे असले तरी पितळेचे आणि तांब्याचेही असतात, आणि काठाला मण्यांची ओळ, मध्ये उठवलेला घोडा, असे रूप पाहिल्यावर महाराष्ट्रातल्या कोणाच्याही मनात जेजुरीच उभी राहील. भेट देताना मी समोरच्या माणसावर नकळत एक जबाबदारी टाकत होते, ज्याचा विचार ना मी केला होता ना कारखान्याने. परत आल्यावर काकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी हातातली चकती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, ‘‘ताई, काठाची मण्यांची ओळ काढून टाकू या. आणि घोड्याच्या जागी मुंगूस करू.’’ दुसऱ्या खेपेत तसेच केले. साधा गुळगुळीत काठ आणि वर किल्लीच्या कडीसाठी भोक, त्यामुळे चकती पाहताच ती वापरायची वस्तू वाटते. त्यानंतर कोणी ती कपाळाला लावली नाही. मुंगूस तर सर्वांत आधी संपले, विशेषतः मुलांमध्ये, कारण मुंगूस दिसले की त्याला तोंड दाखवायला सांगण्याची सवय अजून गावोगाव आहे. ग्राहकाची तक्रार ऐकून घडणच बदलणारा कारागीर मिळणे, हे या कारखान्याची शिफारस करण्याचे माझे पहिले कारण आहे.

उणिवाही आहेत. दुसऱ्या खेपेतल्या सहा-सात चकत्यांच्या भोकाची मागची कड नीट घासलेली नव्हती आणि ती बोटाला बोचत होती. लहान मुलांच्या हातात देण्याची वस्तू असल्यामुळे ही चूक मी किरकोळ मानत नाही. काकांनी त्या परत घेऊन घासून दिल्या, पण त्यासाठी मला दुसरी फेरी मारावी लागली. दोन्ही वेळा ठरलेल्या दिवसापेक्षा आठवडाभर उशीर झाला. दिवाळीच्या आधी तर तिथे छोटे काम देऊच नये, कारण तेव्हा तांब्या-भांड्यांच्या मोठ्या मागण्या असतात. चकत्यांवर लाखेचे किंवा वार्निशचे आवरण नसते, त्यामुळे घामाने दोन महिन्यांत त्या काळवंडतात आणि ओलसर राहिल्या तर हिरवट डाग येतात. चिंच आणि मीठ लावून चोळले की त्या पुन्हा लख्ख होतात, हे मी आता चकती देतानाच सांगते. आवरण लावून घ्यायचा पर्याय होता, तो मी नाकारला, कारण घासता येणारी वस्तू घरात जास्त वर्षे राहते असा माझा अनुभव आहे.

ज्यांना करून घ्यायच्या असतील त्यांनी चित्र स्वतः काढून न्यावे, रेघा कमी ठेवाव्यात आणि निदान दोन डझनांची मागणी द्यावी. त्याहून कमी चकत्यांसाठी राळ तापवणे कारागिराला परवडत नाही. सकाळी अकराच्या सुमारास गेलात तर काम चालू असलेले पाहायला मिळते, आणि आळीत शिरताच हातोड्यांच्या आवाजावरून कोणाकडे आज काम आहे ते कळते. माझ्याकडे उरलेल्या सात चकत्यांपैकी चार घोड्याच्या आहेत, पहिल्या खेपेतल्या, आणि त्या मी कोणाला देणार नाही. पुढच्या खेपेसाठी पिंगळ्याच्या जागी टिटवी सांगितली आहे, आणि तिचे लांब पाय ३२ मिलिमीटरमध्ये कसे बसवायचे यावर काकांचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही.