प्लॉट घ्यायच्या आधी माती तपासून घेतली, त्याचा अनुभव

उतारावरचा प्लॉट होता म्हणून दरड आणि भूकंप दोन्हीसाठी जिओटेक्निकल सर्व्हे (म्हणजे माती आणि जमिनीची तपासणी) करून घेतला, पाचात चार स्टार. आलेला इंजिनिअर मशीन न लावता तासभर नुसता फिरत बसला, मला वाटलं टाइमपास चाललाय, पण त्याने बुंध्याशी वाकून वर सरळ झालेली झाडं दाखवली, म्हणजे वरची माती बहुतेक हळूहळू खाली सरकतेय, आणि माथ्यावर गवतात लपलेली एक लांबच लांब भेग, जिच्यावरून मी दहा वेळा तरी गेलो असेन!

मग बोअर, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून तपासणी. ६३.५ किलोचा हातोडा ७६ सेंटीमीटरवरून पाडून एक नळी मातीत ठोकतात आणि ती शेवटचे ३० सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात, आमच्या वरच्या थरात अगदीच कमी लागले, म्हणजे माती मऊ. सैल वाळूत पाणी असलं की भूकंपात जमीन चिखलासारखी पातळ होते, इथे चिकणमाती असल्याने ती भीती कमी, हेही नीट समजावलं.

एक स्टार कापला कारण रिपोर्ट उशिरा आला आणि भूजल पातळी फक्त उन्हाळ्यात मोजली, अरे दरडी काय उन्हात कोसळतात का? प्लॉट सोडला, टोकन अजून परत यायचंय.