डास आणि उंदीर : पालिकेकडे तक्रार करावी की खासगी पेस्ट कंट्रोल बोलवावे?

घरात डास वाढले किंवा ओट्याखाली लेंड्या दिसू लागल्या की दोन मार्ग समोर असतात : पालिकेच्या कीटकनियंत्रण विभागाकडे तक्रार नोंदवणे किंवा पैसे मोजून खासगी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावणे. पहिला मार्ग बहुधा फुकट पण सावकाशीचा आणि दुसरा झटपट पण खर्चाचा, एवढ्याच हिशेबावर बहुतेक जण निर्णय घेतात. माझ्या मते हा हिशेब अपुरा आहे. डासांची पैदास जिथे होते आणि उंदरांचे बीळ जिथे असते, ती जागा कोणाच्या ताब्यात आहे हे आधी पाहावे.

डासांच्या बाबतीत पालिकेचे पारडे जड आहे. घाण पाण्यात वाढणारे क्युलेक्स डास आपल्या जन्मस्थानापासून बरेच दूर उडत येतात, आणि ते जन्मस्थान म्हणजे सहसा तुंबलेले गटार, शेजारच्या बांधकामावरचा साचलेला खड्डा किंवा बंद पडलेल्या इमारतीची टाकी असते. तिथे शिरण्याचा अधिकार खासगी माणसाला नसतो. पालिकेच्या कर्मचाऱ्यांना मात्र पाहणी करता येते आणि अनेक शहरांत जागामालकाला नोटीसही बजावता येते. खासगी फवारणीने तुमच्या भिंतींवर बसणारे डास मरतील, पण गटार तसेच राहिल्यास आठवडाभरात नवी पिढी हजर होते, कारण उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस पुरतात.

याला अपवाद डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचा. तो दिवसा चावतो, त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात आणि तो सहसा आपल्या जन्मस्थानापासून फार दूर जात नाही. तेव्हा असा डास दिसला तर तक्रार करण्यापूर्वी फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली आणि गच्चीवरचा जुना टायर तपासावा. नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यात कित्येक महिने तग धरतात, म्हणून भांडे घासूनच काढावे लागते. हे काम पालिकाही करणार नाही आणि पेस्ट कंट्रोलवालाही. घरात डेंग्यू किंवा मलेरियाचा रुग्ण निघाला असेल तर मात्र आरोग्य विभागाला ताबडतोब कळवावे, कारण अशा घराच्या आसपासची पाहणी सहसा प्राधान्याने होते.

पालिकेकडे काय मागावे, यातही फरक पडतो. बहुतेक तक्रारदार धूरफवारणी मागतात, कारण ती दिसते, तिचा आवाज होतो आणि काहीतरी केल्याचे समाधान सर्वांनाच मिळते. परंतु धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना त्याचे काहीच होत नाही, आणि खिडक्या बंद असतील तर पलंगाखाली दडलेल्या एडिसपर्यंत तो पोहोचतही नाही. त्याऐवजी पैदासस्थानाची पाहणी, अळीनाशक आणि विहीर किंवा हौद असल्यास गप्पी मासे मागावेत. माझी पहिली तक्रार ‘परिसरात डास फार झाले आहेत’ अशी होती. धुराची गाडी मुख्य रस्त्यावरून एकदा फिरली आणि तक्रार निकाली निघाली. दुसऱ्या वेळी मी ‘इमारतीच्या मागे, पंपाच्या खोलीलगत, झाकण तुटलेल्या चेंबरमध्ये अळ्या वळवळताना दिसतात’ असे लिहून छायाचित्र जोडले, तेव्हा माणूस थेट चेंबरपाशी आला. अशा तक्रारीसाठी ॲप बरे, कारण छायाचित्र जोडता येते आणि तक्रार क्रमांक हाती राहतो. फोनवर सांगितलेली जागा पुढे पोहोचेपर्यंत मोघम होते. तीच तक्रार तिसऱ्यांदा करायची वेळ आली, तर प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

उंदरांचे गणित वेगळे आहे. पालिकेचे मूषकनियंत्रण मुख्यतः रस्त्याकडेची, कचराकुंडीजवळची आणि मोकळ्या जागेतली बिळे हाताळते. घरात येऊन पिंजरे लावण्याची अपेक्षा बाळगू नये. बीळ चालू आहे की सोडून दिलेले, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे : संध्याकाळी त्याच्या तोंडाशी चुरगळलेला कागद कोंबावा. सकाळी कागद बाहेर पडलेला दिसला तर बीळ चालू समजावे, आणि तक्रारीत तसे नमूद करावे.

घरातल्या उंदरांसाठी खासगी मार्ग सरस ठरतो, पण माणूस निवडताना एकच प्रश्न विचारावा : आत येण्याची भोके तुम्ही बुजवणार का? छोट्या उंदराला पेन्सिलीच्या जाडीची, म्हणजे सुमारे 6 मिलिमीटरची फट पुरते, आणि मादी जेमतेम तीन आठवड्यांच्या गर्भारपणानंतर पुन्हा विते. अशा स्थितीत केवळ विषाच्या वड्या ठेवून जाणारा माणूस तुम्हाला दर काही महिन्यांनी गिऱ्हाईक करून ठेवतो. शिवाय रक्त गोठू न देणाऱ्या विषाने उंदीर लगेच मरत नाही, त्याला काही दिवस लागतात, आणि तो फॉल्स सीलिंगमध्ये जाऊन मेला तर वासावरून शोधत बसावे लागते. लहान मूल किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरात मी वड्यांपेक्षा पिंजराच पसंत करेन.

बाहेर बिळे आणि आत उंदीर अशी दुहेरी अडचण असेल तर दोन्ही मार्ग एकाच वेळी वापरावेत, फक्त क्रम चुकवू नये. पालिकेकडे बिळांची तक्रार टाकून घरात पिंजरे लावावेत. घूस आणि मोठे उंदीर नव्या वस्तूला बिचकतात, म्हणून पहिले काही दिवस पिंजरा खाऊ ठेवून पण खटका न लावता ठेवला तर चालेल. भोके आधीच बुजवली तर आतले उंदीर आतच अडकतात. पिंजरा सलग काही रात्री रिकामा राहिला आणि नव्या लेंड्याही दिसल्या नाहीत, की मग शेवटचे भोक लोखंडी जाळी आणि सिमेंटने बंद करावे.