नंबर एमएच-08, आरसीवर पत्ता चिपळूणचा, आणि तरीही मी गाडी घेतली

या सेकंडहँड गाडीपायी किती गेले तो आकडा आधीच सांगून टाकतो: 5,25,100 रुपये. त्यातले गाडीचे 4,85,000. एनओसी (आरटीओचा ना-हरकत दाखला) आणि एजंट म्हणून 14,500. पुण्याला जायची दोघांची बसची तिकिटं 2,200, येताना डिझेल 4,100, जांबोटीहून सांखळीपर्यंत टोइंग 9,500, आणि गाडीला काय झालंय एवढं फक्त समजून घ्यायला गॅरेजला 9,800. दुरुस्तीला अजून हातही लावलेला नाही. मेस्ताने, म्हणजे गॅरेजच्या मेकॅनिकने, तिचा आकडा 1,62,000 सांगितलाय, आणि त्यानंतरही गाडीची खात्री देणार नाही म्हणतो.

सेकंडहँड गाड्यांच्या फसवणुकी कशा होतात हे सगळ्यांना माहीत आहे. मलाही होतं. म्हणूनच हे लिहायला तीन महिने लागले. घरात दोघांनाच खरी रक्कम ठाऊक आहे. बाकीच्यांना मी 'थोडं नुकसान झालं' एवढंच सांगितलंय.

मी बाहेर का गेलो, असं विचाराल. आई-बाबा, आम्ही दोघं, दोन मुलं, शिवाय गणपतीत चवथीला मुंबईहून येणारी बहीण. सात सीटची गाडी हवी होती, आणि 2017 च्या डिझेल एर्टिगाला इकडे गोव्यात म्हापसा-पर्वरीकडे कुणी पावणेसहाच्या खाली उतरायला तयार नव्हतं. पुण्यात तीच गाडी 5,20,000 ला दिसली. एकाच मालकाची, 68,000 किलोमीटर, घरगुती वापर. घासाघीस करून 4,85,000 ला ठरली. नव्वद हजार वाचतात म्हटल्यावर कुणीही गेलं असतं. आजही मला वाटतं की जाण्यात चूक नव्हती. डोळ्यांनी पाहिलेलं मानलं नाही, ती चूक.

आणि मी चौकशी केली नाही असं कुणी म्हणू नये. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला. विमा चालू, पीयूसी चालू, कर्जाचा बोजा नाही. ई-चलन पाहिलं, एकच दंड होता आणि तो भरलेला होता. व्हिडिओ कॉलवर विकणाऱ्याने इंजीन सुरू करून दाखवलं, एसी लावून दाखवला. ॲप तुम्हाला फक्त कागद सांगतं. गाडी पाण्यात होती की नाही हे ते सांगत नाही. आणि व्हिडिओत इंजीन लगेच सुरू झालं म्हणून खूश होऊ नका, ते आधीच गरम करून ठेवलेलं असतं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी आपल्या हाताने सुरू करून पाहायची.

टोकन 11,000 यूपीआयने दिलं. दोन दिवसांनी फोन आला, 'दादा, कोल्हापूरहून दुसरं गिऱ्हाईक निघालंय, तुमचा शब्द आहे म्हणून थांबलोय.' आणखी 50,000 टाकले. तिसरा हप्ता गाडी ताब्यात घेताना. तो दिवस त्यानेच ठरवला, 21 जून 2025. शनिवार. त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही, पण शनिवारी आरटीओ बंद, रविवारी बंद. कागद कुठे दाखवायचा म्हटलं तरी जागा नाही. तुमच्याशी कुणी शनिवारचा व्यवहार ठरवायला लागला, तर तुम्ही मंगळवार सांगा. तो काय म्हणतो ते ऐका.

आता मुख्य गोष्ट. माझी झोप हिनेच उडवलीय.

कात्रजच्या पुढे एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी होती. बाहेर धो धो पाऊस. सोबत आलेला चुलतभाऊ बॉनेट उघडून पाहत होता, मी मागे जाऊन डिकी उघडली. खाली काय आहे बघायचं म्हणून चटई उचलली. चटईखालच्या खोलगट जागेत, एका स्क्रूच्या आट्यांमध्ये, पिवळसर तपकिरी पीठ अडकलेलं होतं. मी बोट फिरवलं. ते चुरगळलं नाही, बोटाला लागलं, साबणासारखं गुळगुळीत.

मी सांखळीचा आहे. वाळवंटीचं पाणी बाजारात शिरलेलं लहानपणापासून पाहत आलोय. पाणी उतरल्यावर दुकानातली फळी अन् फळी धुतलीय, बिजागऱ्यांतून हा गाळ काडीने उकरून काढलाय. धूळ वेगळी आणि पुराचा गाळ वेगळा, हे मला कुणी शिकवायला नको. माझ्या बोटाला ते क्षणात कळलं. मी त्याला विचारलंही, 'हे काय आहे?' तो म्हणाला, 'दादा, समुद्रावर फिरायला नेतो ना, वाळू असते.' वाळू हाताला खरखरीत लागते. मी रुमालाला बोट पुसलं आणि चटई परत ठेवली.

का ठेवली? चारेकशे किलोमीटरवरून रात्रभर बस करून आलो होतो. 61,000 आधीच त्याच्या खिशात होते. घरी बाबांनी नारळ आणून ठेवला होता. परत रिकाम्या हाताने जायचं आणि एकसष्ट हजार बुडाले म्हणून सांगायचं, ही माझ्याने कल्पना करवेना. त्याला हे बरोबर माहीत असतं. टोकन त्याचसाठी घेतात. म्हणून सांगतो, लांबची गाडी असेल तर न पाहता पाच हजारांच्या वर एक रुपया देऊ नका. जेवढं आधी द्याल, तेवढं तिथे पोचल्यावर तोंड बंद राहतं.

त्यात आरसीवर पत्ता चिपळूणचा होता. मी तो वाचला. नंबर एमएच-08, म्हणजे रत्नागिरी. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं काय पाणी आलं होतं ते सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं, आम्हीही पाहिलं, गाड्या एकमेकींवर चढलेल्या. हातात तो पत्ता, बोटावर तो गाळ. आणि मी काय विचारलं? 'मालक कोण?' तर म्हणे माझे मामेसासरे, वय झालं, आता चालवत नाहीत. फोनवर बोलायचंय म्हटलं तर म्हणे, 'त्यांना ऐकू येत नाही हो दादा.' गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30 मालकाच्या सहीसकट तयार होते. बाकी रकाने कोरे. कोऱ्या फॉर्मवरची सही दिसली की तिथून निघून यायचं, दुसरा विचारच करायचा नाही.

3,50,000 आरटीजीएसने दिले, 74,000 रोख. एनओसीचे 14,500 वेगळे. आठ दिवसांत कुरियरने पाठवतो म्हणाला. परराज्यातली गाडी इकडे आपल्या नावावर करायची तर मूळ आरटीओची एनओसी लागतेच, फॉर्म 28. ती हातात पडल्याशिवाय निदान एक लाख तरी रोखून ठेवायचे असतात. मी सगळे देऊन मोकळा झालो.

दुपारी साडेतीनला निघालो. कोल्हापूरपर्यंत गाडी छान चालली, हेही कबूल करतो. निपाणीनंतर स्टिअरिंगची लाइट पेटली आणि विझली. बेळगावात जेवलो. जांबोटी सोडून कणकुंबीच्या अलीकडे वायपर आधी हळू झाले, मग अर्ध्यावर थांबले. तिथला जूनचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. काचेतून काही दिसेना. मग हेडलाइट फडफडले आणि सगळंच बंद. दोन्ही बाजूंना जंगल, रात्रीचे पावणेबारा, मोबाइलला रेंज नाही. धोक्याचे दिवेसुद्धा लागेनात. मागून येणाऱ्या ट्रकला दिसावं म्हणून चुलतभाऊ मोबाइलची बॅटरी पेटवून पावसात रस्त्यावर उभा राहिला. दीड तास. त्या दीड तासाचा आकडा मी वरच्या हिशेबात धरलेला नाही.

एका दूधवाल्याच्या गाडीतून मी जांबोटीला परत गेलो. तिथून पहाटे टोइंगवाला मिळाला.

सोमवारी मेस्ताने गाडी पाहिली. त्याने इंजिनाला हातही लावला नाही. ड्रायव्हरचा सीट बेल्ट धरला आणि ओढत गेला, ओढत गेला, पार शेवटपर्यंत. आपण घालताना जेवढा ओढतो तेवढा पट्टा काळा, स्वच्छ. आतला शेवटचा हातभर पट्टा चहात बुडवल्यासारखा, आणि त्यावर सरळ आडवी रेघ. 'भाई, ही गाडी उदकांत बुडिल्ली,' एवढंच म्हणाला. मग सीटखालची पट्टी दाखवली, गंजलेली. चावी फिरवून विचारलं, एअरबॅगचा दिवा दिसतो का? चावी फिरवली की तो दिवा पेटून विझायला हवा. आमचा पेटतच नव्हता, मागून काढूनच टाकलेला. म्हणजे सहा-सात माणसं बसवून मी घाटातून ने-आण करणार होतो, ती एअरबॅगशिवाय.

वहिनीचं माहेर चिपळूणला. तिचा भाऊ आरसीवरच्या पत्त्यावर गेला आणि तिथूनच त्याने फोन लावून दिला. काकांना ऐकू अगदी स्वच्छ येतं. म्हणाले, 'माझी गाडी? ती तर पुरात गेली हो. टपापर्यंत पाणी होतं.' विमा कंपनीने पूर्ण नुकसान धरून पैसे दिले होते. गाडी न्यायला आलेल्या माणसाने चार कागदांवर सह्या घेतल्या. 'घरात गुडघाभर चिखल होता, कागद वाचत कुठे बसू?' त्यांची ती सही चार वर्षं फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. गाडी लिलावातून सांगाडा म्हणून विकली जाते, कुणीतरी धुऊन-पुसून उभी करतो, नाव मात्र बदलत नाही. म्हणून विम्याची नुसती मुदत बघू नका, मागच्या वर्षांच्या पॉलिसी मागा. अचानक फुल विम्यावरून थर्ड पार्टीवर आलेली गाडी असेल तर का आली ते विचारा. माझ्या गाडीला थर्ड पार्टीच होता. तेही मी वाचलं होतं.

पोलिसांचं काय सांगू. पहिल्या ठाण्यात, इथे गोव्यात, दोन तास बसवून सांगितलं की पैसे पुण्यात दिले, गाडी पुण्यात घेतली, तिकडे जा. मी म्हटलं, झिरो एफआयआर घ्या, गुन्हा कुठेही घडला तरी नोंदवता येतो, 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 173 मध्ये तसं लिहिलंय. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की कलम सांगून मीच गुन्हा केलाय. 'तुम्ही वकील आहात का?' नाही. 'मग हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा.' अर्जावर शिक्का मारून पोच द्या म्हटलं, तर शिक्का ज्याच्याकडे तो जेवायला गेलाय. साडेचारला.

पुण्याला रजा टाकून गेलो, पुन्हा रात्रभर बस. तिथे प्रश्न विचारला तो मला अजून ऐकू येतो: 'गाडी तुमच्याकडेच आहे ना? मग फसवणूक कसली?' पार्किंगचा पत्ता दिला, आरटीजीएसचा खातेनंबर दिला, त्याच्या आवाजातले कॉल दिले. खातं त्याच्या नावावर नाहीच, कुणा बाईच्या नावावर आहे. म्हणाले, मूळ मालकाला घेऊन या. चिपळूणच्या एकाहत्तर वर्षांच्या माणसाला मी पुण्यात कशाला नेऊ? त्याने काय केलंय? दुसऱ्या खेपेला वेगळेच अधिकारी. त्यांना पहिल्या अर्जाची फाइल सापडेना. मी पाचव्या तक्रारीची झेरॉक्स काढली तेव्हा झेरॉक्सवाला मला नावाने ओळखायला लागला होता. चोराला पकडा असं मी म्हणतच नव्हतो. माझ्यावर काय घडलं ते एका कागदावर लिहून घ्या आणि खाली सही करा, एवढंच मागत होतो. पगार घेणाऱ्या माणसाला तेवढंही जड होतं.

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, मी पाचव्या दिवशी फोन केला. तोवर खात्यात काही उरलं नव्हतं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर पहिल्या काही तासांत लावायचा असतो तो फोन. लाजेपायी मी चार दिवस घालवले. तुम्ही घालवू नका.

वकील म्हणतात गाडी रस्त्यावर आणू नका. आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तेच सांगितलंय. उद्या कुणाला गाडी लागली तर नोटीस चिपळूणच्या काकांना जाईल. काकांनाही आता तीच धास्ती. दर रविवारी फोन करून विचारतात, 'बाळा, गाडी उभीच आहे ना?' ते प्रतिज्ञापत्र करून द्यायला तयार आहेत, कोऱ्या कागदांवर सह्या कशा घेतल्या त्याचं. त्यांच्या त्या प्रतिज्ञापत्रासकट वकील कोर्टात अर्ज टाकणार, कोर्टाने आदेश दिला तर पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागेल. त्यासाठी पुढच्या आठवड्यात मी चिपळूणला जातोय.

गाडी मागच्या अंगणात फणसाखाली उभी आहे. बॅटरी काढून ठेवलीय. दारं उघडी टाकली तरी कुबट वास जात नाही. चवथीला बहिणीला थिवीच्या स्टेशनवरून आणायला भाड्याची गाडी केली. 1,800 रुपये.