सिंकचा नळ: भिंतीतला की ओट्यावरचा?
टाइल लावायच्या आधी प्लंबरने विचारलं, "ताई, नळ भिंतीतून देऊ की ओट्यातून?"

ओट्यावरचा, तोंड ओढून लांब होणारा नळ दिसायला झकास, सिंकचे कोपरेही धुतले जातात. पण त्याला दाब लागतो. टाकी 10 मीटर वर असेल तेव्हा कुठे 1 बार (दाबाचं माप) एवढा दाब मिळतो. आमचा मजला वरून दुसरा, म्हणजे धार करंगळीएवढी! शिवाय ग्रॅनाइटला भोक पाडा, बुडाशी साचलेलं पाणी रोज पुसा.

भिंतीतला फिरत्या तोंडाचा सिंक कॉक साधाच, पण खाली कुकर, पातेलं, कळशी सगळं मावतं. बोअरच्या पाण्याने नळाच्या तोंडाची जाळी पांढरी पडली की काढून व्हिनेगरमध्ये बुडवायची.

मी भिंतीतलाच घेतला. सासूबाई मात्र शेजारच्यांकडचा लांब नळ बघून अजून उसासे टाकतात.